एकलहऱ्याचे मत आणि नाशिकचा खासदार

नाशिकरोडहून एकलहऱ्याकडे निघालात की वीज केंद्राच्या चिमण्या लांबूनच दिसू लागतात. शहर हाकेच्या अंतरावर, पण गावाचा कारभार ग्रामपंचायतीचा. १९८२ साली नाशिक महानगरपालिका झाली, आसपासची बरीच गावे तिच्या हद्दीत गेली. एकलहरे बाहेर राहिले. दिल्लीला माणूस पाठवायची वेळ आली, की मात्र ही हद्द उरत नाही. एकलहऱ्याचा शेतकरी, पंचवटीचा दुकानदार आणि सिन्नरचा विडी कामगार एकाच नाशिक मतदारसंघात मत देतात. त्या मताची ही हकिगत.

१९५२ च्या पहिल्या निवडणुकीत काँग्रेसचे गोविंद हरी देशपांडे निवडून आले. १९५७ साली मात्र शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे भाऊराव कृष्णराव, म्हणजे दादासाहेब गायकवाड विजयी झाले. दादासाहेब दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा त्याचा मोठा भार त्यांनीच उचलला होता. ज्या नाशकात त्यांना देवळाच्या दाराबाहेर उभे राहावे लागले, त्याच नाशकाने सत्तावीस वर्षांनी त्यांना लोकसभेत पाठवले! संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची लाट होती, हे खरे. पण मत देणारा हात मतदाराचाच ना?

१९६२ साली देशपांडे पुन्हा निवडून आले. त्यांच्या निधनानंतर १९६३ च्या पोटनिवडणुकीत संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण इथून बिनविरोध गेले. चीनच्या आक्रमणानंतरचा तो काळ. नाशिकला त्याचा अभिमान वाटला, आणि तो योग्यच होता. पण ध्यानात घ्या, त्या खेपेला मतदाराला मत द्यायचे कामच पडले नाही.

१९६७ व १९७१ साली काँग्रेसचे भानुदास कवडे आले. पुढे १९७७ पासून २०१४ पर्यंत अकरा निवडणुका झाल्या आणि अकराही वेळा निराळा माणूस निवडला गेला. शेतकरी कामगार पक्ष, काँग्रेस, भाजप, शिवसेना, राष्ट्रवादी, सर्वांना पाळी मिळाली. २०१४ चे हेमंत गोडसे २०१९ ला पुन्हा आले, तेव्हा कुठे ही रीत मोडली. २०२४ ला राजाभाऊ वाजे निवडून आले. माणूस पुन्हा बदलला.

कोणी म्हणेल, नाशिककर चंचल. मला तसे वाटत नाही. जागा कोणाच्या घरची नाही, हे इथल्या मतदाराने पुन्हापुन्हा सांगितले. मात्र याची किंमतही असते. माणूस बदलला, की अर्धवट कामाचे गाऱ्हाणे पहिल्यापासून सांगावे लागते. मोठ्या शहराच्या गर्दीत काठावरच्या गावाचा आवाज आधीच बारीक!

म्हणून गुरुजनांना एक विनंती. गावाची एक वही ठेवा. कोणत्या साली कोण निवडून आले, काय कबूल केले, काय झाले, ते मुलांकडून लिहून घ्या. खासदार पाच वर्षांचा असतो, गाव कायमचे. मत द्यायला एक दिवस पुरतो. त्याचा हिशेब मात्र रोज ठेवावा लागतो.