न विचारता लादलेलं युद्ध आणि वर्ध्याची बैठक

 

आज एका अध्यक्षाची गोष्ट सांगते. गटाच्या नाही, देशाच्या. स्वातंत्र्याच्या आधी काँग्रेसच्या अध्यक्षाला लोक 'राष्ट्रपती' म्हणायचे. राज्य इंग्रजांचं होतं, पण लोकांच्या मनातला राष्ट्रपती हा होता. 1939 साली त्या जागेवर डॉ. राजेंद्रप्रसाद होते. हेच राजेंद्रबाबू पुढे 1950 मध्ये स्वतंत्र भारताचे पहिले राष्ट्रपती झाले.

तर ऐका. 3 सप्टेंबर 1939. आपल्याकडे रोवणी आटोपून धान बांधीत उभा होता. तिकडे युरोपात इंग्लंडने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं. त्याच दिवशी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी जाहीर केलं की भारतही युद्धात उतरला आहे. जर्मनीशी आपलं भांडण नव्हतं. इंग्रजांच्या लढाईत आपल्याला ओढू नका, असे ठराव काँग्रेस आधीपासून करत आली होती. तरी ना काँग्रेसला विचारलं, ना निवडून आलेल्या प्रांतांच्या सरकारांना, ना दिल्लीच्या कायदेमंडळाला. पस्तीस-चाळीस कोटी लोकांच्या वतीने एका माणसाने शब्द देऊन टाकला.

सगळीकडे असंच झालं का? नाही. कॅनडाही त्याच साम्राज्यात होता. त्याने आधी आपल्या संसदेत चर्चा केली आणि आठवड्याने, 10 सप्टेंबरला, स्वतः युद्ध जाहीर केलं. आयर्लंडने आम्ही तटस्थ राहणार असं ठरवलं आणि शेवटपर्यंत तटस्थ राहिला. त्याआधी पहिल्या महायुद्धात अमेरिकाही जवळजवळ तीन वर्षं तटस्थ होती. एप्रिल 1917 मध्ये राष्ट्राध्यक्ष विल्सन युद्धाची मागणी घेऊन तिथल्या संसदेपुढे गेले. त्या सभागृहात जेनेट रँकिन नावाची एकच बाई होती, तिथे निवडून गेलेली पहिली बाई. तिने उभं राहून युद्धाला नाही म्हटलं. तिच्यासारखे आणखी 49 सदस्य होते. ठराव मंजूर झाला आणि अमेरिका युद्धात गेली, पण नाही म्हणणारीचं मत मोजलं गेलं. आपलं होय तर कोणी ऐकलंच नाही, नाहीही ऐकलं नाही.

आता राजेंद्रबाबूंपुढे प्रश्न होता, करायचं काय? त्यांनी कार्यकारिणीची बैठक बोलावली. कुठे? आपल्या विदर्भात, वर्ध्याला. गांधीजी तेव्हा तिथून जवळच सेवाग्रामला राहत. जवाहरलाल नेहरू चीनमध्ये होते, ते दौरा अर्धवट सोडून परत आले. बैठक सप्टेंबरच्या मध्यापर्यंत कितीतरी दिवस चालली.

कारण एकमत नव्हतंच. गांधीजींचं म्हणणं, इंग्लंड संकटात आहे, त्याची अडवणूक करू नये, अट न घालता नैतिक पाठिंबा द्यावा, पण तो अहिंसेचाच. सुभाषचंद्र बोस म्हणत, हीच वेळ आहे, आता लढा सुरू करा. नेहरूंना हिटलरची हुकूमशाही मनापासून नकोशी होती, पण जो देश स्वतः गुलाम आहे तो दुसऱ्याच्या स्वातंत्र्यासाठी कसा लढणार, असं ते विचारत.

बायांनो, इथे एक गोष्ट लक्षात घ्या. सुभाषबाबूंनी एप्रिलमध्ये अध्यक्षपद सोडलं होतं आणि त्या जागी राजेंद्रबाबू आले होते. ऑगस्टमध्ये याच कार्यकारिणीने सुभाषबाबूंवर शिस्तीची कारवाई करून त्यांना पदांपासून दूर ठेवलं होतं. जखम ताजी होती. तरी सप्टेंबरच्या बैठकीला त्यांना खास बोलावणं गेलं आणि ते आले. मुस्लिम लीगचे जिना यांनाही निमंत्रण गेलं, ते आले नाहीत. आपल्यावर रागावलेल्या माणसाला अडचणीच्या वेळी बैठकीत बसवणं सोपं नसतं. गटात ज्या बाईशी आपली बोलाचाल बंद आहे तिला हाक मारून पाहा, मग कळेल.

शेवटी ठराव झाला. त्यात आंधळा होकार नव्हता आणि लगेच बंडही नव्हतं. त्यात सरळ प्रश्न होता. हे युद्ध लोकशाहीसाठी आहे म्हणता, तर ती लोकशाही भारताला मिळणार का? आणि त्याची सुरुवात आजपासून करणार का? गांधीजींचं मत वेगळं होतं, पण सगळ्यांचा ठराव झाल्यावर ते त्याच्या पाठीशी उभे राहिले.

ऑक्टोबरात व्हाइसरॉयचं उत्तर आलं. त्याचा अर्थ एवढाच, की युद्ध संपल्यावर बघू. कार्यकारिणी पुन्हा वर्ध्यात बसली आणि सांगितलं, आपल्या प्रांतिक सरकारांनी राजीनामे द्यावेत. आठ प्रांतांत काँग्रेसची सरकारं होती. आपला भंडारा जिल्हा तेव्हा मध्यप्रांत व वऱ्हाड प्रांतात होता, राजधानी नागपूर आणि मुख्यमंत्री रविशंकर शुक्ल. (गोंदिया वेगळा जिल्हा झाला तो 1999 मध्ये.) नोव्हेंबरात शुक्लांचं मंत्रिमंडळही खाली उतरलं.

हा निर्णय बरोबर होता का? इतिहासकारांत आजही वाद आहे. खुर्ची सोडली तेव्हा हातातली सत्ताही गेली आणि कारभार गव्हर्नरांकडे गेला. मुस्लिम लीगने डिसेंबरात 'मुक्तिदिन' साजरा केला, त्यामुळे दुरावा वाढला. पण दुसरी बाजूही पाहा. खुर्चीवर बसून राहिले असते तर न विचारता लादलेल्या युद्धासाठी माणसं आणि पैसा गोळा करायचं काम त्यांच्याच हातून झालं असतं. न दिलेली संमती दिल्यासारखी झाली असती.

आणि युद्ध काही थांबलं नाही. सुमारे 25 लाख भारतीय सैन्यात गेले, 87 हजारांहून जास्त परत आले नाहीत. धान्य, कापड, रॉकेल, सगळ्याची टंचाई झाली. 1943 च्या बंगालच्या दुष्काळात लाखो माणसं मेली. आपल्या गोंदियाजवळची बिरसीची धावपट्टीसुद्धा इंग्रजांनी त्याच काळात बांधलेली. निर्णय दिल्ली-लंडनचा, पण चुलीपर्यंत पोचला.

वर्ध्यातून सुरू झालेला प्रश्न मात्र विझला नाही. ऑक्टोबर 1940 मध्ये पवनारला विनोबा भावे पहिले वैयक्तिक सत्याग्रही झाले. जुलै 1942 मध्ये वर्ध्यातच इंग्रजांनी निघून जावं असा ठराव झाला आणि ऑगस्टमध्ये मुंबईत 'भारत छोडो'ची हाक दिली गेली. तेव्हा अध्यक्ष होते मौलाना आझाद. त्यांना अहमदनगरच्या किल्ल्यात डांबलं. ते तिथे असतानाच एप्रिल 1943 मध्ये कलकत्त्यात त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम वारल्या. शेवटची भेट झाली नाही. राजेंद्रबाबूही जवळजवळ तीन वर्षं तुरुंगात होते. अध्यक्षपदाची किंमत अशी घरापर्यंत येते, आणि ती घरातली बाईही मोजते.

मग आपण यातून काय घ्यायचं? आपल्या नावावर कर्ज निघतं, आपल्या सहीने ग्रामसभेचा ठराव होतो, आणि कधी कधी आपल्याला विषयच माहीत नसतो. 'सही कर, मग सांगतो' असं कोणी म्हटलं तर वर्ध्याची बैठक आठवा. आधी विषय वाचून घ्या. कोण काय म्हणते ते सगळ्यांसमोर होऊ द्या, विरोध करणारीलाही बसवा. प्रश्न लेखी विचारा आणि ठराव रजिस्टरमध्ये नोंदवून घ्या. उत्तर 'नंतर बघू' असं आलं तर सही थांबवण्याचा हक्क आपला आहे. त्याची किंमत पडू शकते, तीही आधीच मिळून बोलून घ्या.

ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची तरतूद आपल्या राज्यात आहे. पुढची ग्रामसभा लागेल तेव्हा आपल्या गावात ती झाली का, हे गटाच्या बैठकीत नक्की विचारा. बरं तर बायांनो, आज इथेच थांबते. नमस्कार.