कुदळ, पंगत आणि 'एम्प्लॉयेबिलिटी'

पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांवरच्या सिनॉप्सिसमध्ये हल्ली दोन शब्द हमखास भेटतात: मानसिक स्वास्थ्य आणि रोजगारक्षमता. दोन चलं, दोन प्रश्नावल्या. इतिहासात मागे गेलं की ही वाटणी टिकत नाही.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले इथं रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू झालं. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव मिळालं. मुलं शेतात राबायची, स्वयंपाक करायची, एकाच पंगतीत जेवायची. (लक्ष्मीबाईंनी त्यांच्यासाठी दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. संस्थांच्या इतिहासात हे एका ओळीत उरकतात.) १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं आणि 'कमवा आणि शिका' पदवीपर्यंत पोचलं.

आता बघा, ती कुदळ म्हणजे 'स्किल ट्रेनिंग' नव्हे. पैशांअभावी पोराला शाळा सोडून घरी परतावं लागू नये, म्हणून ती हातात आली. पंगत हा जातीवरचा इलाज होता. यातलं स्वास्थ्य कुठलं आणि कौशल्य कुठलं, सांगा!

म्हणून प्रश्नावलीत फी, मेस, जात यांवर एकही प्रश्न नसेल, तर सहसंबंध कितीही 'सिग्निफिकंट' येवो, मला तो अर्धाच वाटतो. तुमच्या कॉलेजात कमवा-शिका योजना असेल तर तिची हजेरीवही मागून बघा. कोण किती तास राबलं आणि मध्येच कोणाचं नाव गळलं, तिथून सुरुवात करता येते.