निवृत्त प्रवासी विमाने आणि त्यांच्यावरची पाच अक्षरे

गोव्यात दाबोळीहून बोगमाळोच्या किनाऱ्याकडे जाताना नौदलाचे हवाई संग्रहालय लागते. 1998 साली सुरू झालेल्या या संग्रहालयाच्या खुल्या आवारात चार इंजिनांचे, माशाच्या पाठीसारखा बाक असलेले आणि शेपटीला तीन उभे पंख असलेले एक प्रचंड विमान उभे आहे. नौदलातील त्याचा क्रमांक आयएन-315. पाहणाऱ्यांना ते लढाऊ सामग्रीपैकी एक वाटते. प्रत्यक्षात त्याच्या आयुष्याची पहिली काही वर्षे मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळावरून प्रवासी नेण्यात गेली. एअर-इंडिया इंटरनॅशनलच्या ताफ्यात ते ‘राणी ऑफ एलोरा’ या नावाने ओळखले जाई आणि त्याची नोंदणी-अक्षरे होती व्हीटी-डीएचएम. वेरूळच्या लेण्यांचे नाव धारण केलेले हे विमान लॉकहीड कंपनीच्या ‘सुपर कॉन्स्टलेशन’ जातीचे होय.

जुन्या प्रवासी विमानांची छायाचित्रे काढणारे आणि जमवणारे हौशी लोक जगभर आहेत. नुसत्या देखण्या छायाचित्राला त्यांच्या लेखी फारशी किंमत नसते. विमानाच्या अंगावरची अक्षरे वाचता येतात की नाही, हे ते आधी पाहतात. प्रत्येक नागरी विमानावर देशाचे चिन्ह आणि त्यापुढे त्या विमानाची स्वतंत्र अक्षरे असतात. भारतीय विमानांवर ही एकूण पाच रोमन अक्षरे. त्यातील ‘व्हीटी’ म्हणजे ‘व्हाइसरॉयज टेरिटरी’ असे आपल्याकडे हमखास सांगितले जाते. हा अर्थ मागाहून बसवलेला आहे. ‘व्ही’पासून सुरू होणारी चिन्हे ब्रिटिश साम्राज्यातील अनेक प्रदेशांना वाटून देण्यात आली होती, ऑस्ट्रेलियाचे ‘व्हीएच’ हे त्याच वाटपातले. विमान विकले गेले, दुसऱ्या देशात गेले वा लष्कराकडे गेले की ही अक्षरे बदलतात. कारखान्यात धातूच्या पट्टीवर कोरलेला निर्मिती-क्रमांक मात्र ते मोडीत निघेपर्यंत तोच राहतो. छायाचित्रातील अक्षरांवरून निर्मिती-क्रमांक शोधायचा आणि त्या क्रमांकावरून विमानाचे पुढचे-मागचे सगळे जन्म लावायचे, अशी ही रीत आहे.

छायाचित्रावर तारीख नसली तर रंगसंगती मदतीला येते. विमानावर ‘एअर-इंडिया इंटरनॅशनल’ असे पूर्ण नाव असेल तर ते चित्र साधारणपणे 1962 पूर्वीचे. त्या वर्षी नावातला शेवटचा शब्द गळाला. खिडक्यांभोवती राजवाड्याच्या झरोक्यासारखी लाल महिरप दिसली तर ते 1971 नंतरचे, कारण ही सजावट पहिल्या जंबो जेटबरोबर, म्हणजे ‘एम्परर अशोक’बरोबर आली.

‘राणी ऑफ एलोरा’ची कहाणी या पद्धतीने लावता येते. 8 जून 1948 रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे कॉन्स्टलेशन मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला निघाले आणि भारताची आंतरराष्ट्रीय विमानसेवा सुरू झाली. तिच्याहून लांब असलेली सुपर कॉन्स्टलेशन विमाने 1954 पासून ताफ्यात येऊ लागली. त्यांना राण्यांची नावे मिळाली : राणी ऑफ झाँसी, राणी ऑफ अजंता, राणी ऑफ विजापूर. याच काळात सेवेचा पल्ला 1955 मध्ये टोकियोपर्यंत आणि 1956 मध्ये सिडनीपर्यंत गेला. प्रत्येक इंजिनाला 18 सिलिंडर, शिवाय बाहेर पडणाऱ्या धुराची शक्ती पुन्हा कामाला लावणाऱ्या टर्बाइन. ताकद मोठी, पण तंत्र नाजूक. वाटेत एखादे इंजिन बंद पडण्याचे प्रकार इतके होत, की ‘तीन इंजिनांचे जगातील सर्वोत्तम विमान’ अशी त्याची थट्टा वैमानिकांमध्ये रूढ झाली होती.

या राण्यांचे राज्य अल्पकाळ टिकले. 1960 च्या फेब्रुवारीत पहिले बोइंग 707 आले आणि 1962 मध्ये एअर-इंडियाने पंख्यांची सारी विमाने बाजूला सारली. जेमतेम सात-आठ वर्षे चाललेली विमाने एरवी भंगारात गेली असती. ती भारतीय हवाई दलाने घेतली. पुण्याच्या सहाव्या स्क्वाड्रनमध्ये ती दाखल झाली. पुढे सागरी टेहळणी हेच त्यांचे मुख्य काम झाले. प्रवाशांना जपान-इंग्लंडला नेणारी लांब पल्ल्याची क्षमता आता अरबी समुद्रावर तासन्‌तास घिरट्या घालण्यासाठी वापरली गेली. 1976 मध्ये सागरी टेहळणीची जबाबदारी नौदलाकडे आली, तेव्हा शिल्लक विमानेही दाबोळीला गेली आणि त्यांच्यावर नौदलाची 312 वी स्क्वाड्रन उभी राहिली. 1980 च्या दशकाच्या पूर्वार्धात ती निवृत्त झाली. म्हणजे ‘राणी ऑफ एलोरा’ आज पाहायला मिळते ती तिने प्रवासी सेवा सोडून दुसरी नोकरी धरली म्हणून. ज्यांना अशी नोकरी मिळाली नाही, त्या विमानांच्या वाट्याला बहुधा छायाचित्रच आले.

आणि तेही सहज नव्हे. 1937 च्या विमान नियमांतील तेराव्या नियमानुसार सरकारी विमानतळावर परवानगीशिवाय छायाचित्र काढण्यास मनाई. त्यामुळे व्हीटी अक्षरांच्या विमानांची बरीच जुनी चित्रे लंडन, झुरिच, हाँगकाँग येथील परदेशी हौशी लोकांनी टिपलेली आढळतात. देशाबाहेर कधी गेलीच नाहीत, त्या विमानांचे हाल त्याहून वाईट.

नागपूरची रात्रटपाल ही त्यातली ठळक पोकळी. 1949 मध्ये सुरू झालेल्या या सेवेत मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून रात्री निघालेली विमाने मध्यरात्री नागपूरला एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत ती आपापल्या शहरी परतत. मुंबईचे विमान वऱ्हाडावरून जाई. आज वाशीम जिल्ह्यात असलेले आणि तेव्हा अकोला जिल्ह्यात मोडणारे रिसोड तालुक्यातील केनवड या सरळ रेषेच्या थोडे दक्षिणेला आहे. विजेचे दिवेही नसलेल्या त्या मुलखावरून देशाची पत्रे रोज रात्री ये-जा करीत होती. सुरुवातीची बहुतेक विमाने डग्लस ‘डाकोटा’. दुसऱ्या महायुद्धात सैनिक आणि रसद वाहिलेली आणि युद्धानंतर स्वस्तात विकली गेलेली. आधी खासगी कंपन्यांकडे, 1953 च्या राष्ट्रीयीकरणानंतर इंडियन एअरलाइन्सकडे. 12 डिसेंबर 1953 रोजी मद्रासकडे निघालेले असेच एक डाकोटा नागपूरहून उडताच कोसळले. मृतांत खासदार व कामगार नेते हरिहरनाथ शास्त्री होते. सेवा 1973 मध्ये थांबली. सारा कारभार अंधारात चालल्याने ती रोजची मध्यरात्र छायाचित्रात सापडणे दुर्मीळच.

त्याच नागपूरने पुढे उलट टोकाचे उदाहरणही पाहिले. 21 जुलै 1991 रोजी कॉन्टिनेन्टल एव्हिएशन या कंपनीचे बोइंग 720 इंजिनातील बिघाडामुळे सोनेगाव विमानतळावर उतरले आणि तेथेच राहिले. बोइंग 720 हे 707 चे आखूड भावंड. जगात एकूण 154 च बनली. या विमानाची अक्षरे व्हीटी-ईआरएस. भारतीय नोंदणी होण्यापूर्वी ते परदेशी कंपन्यांच्या सेवेत होते. पार्किंगचे भाडे साचत गेले, उन्हा-पावसाने रंग उडाला, आणि धावपट्टीजवळच्या या अडगळीवर पत्रव्यवहार होत राहिला. विमानतळाच्या कारभाऱ्यांना डोकेदुखी असलेले हे धूड विमानप्रेमींना मात्र पर्वणीच होते, कारण जगातली बहुतेक 720 विमाने तोवर मोडीत निघाली होती. 2015 मध्ये, म्हणजे 24 वर्षांनी, ते तेथून हलवून नागपूर फ्लाइंग क्लबच्या बाजूला नेण्यात आले.

एअर इंडियाच्या शेवटच्या जंबोंपैकी ‘आग्रा’ या बोइंग 747-400 ने 22 एप्रिल 2024 रोजी मुंबईहून अमेरिकेकडे अखेरचे उड्डाण केले. विकलेल्या विमानाने धावपट्टी सोडल्यावर पंख झुकवून निरोप घेतला, तेव्हाची चित्रे काही तासांत देशभर पोहोचली. त्या चित्रांत पाच अक्षरे आहेत : व्हीटी-ईव्हीए.