ऐश्वर्याचा फेरफार

मराठी बोलण्यात 'बंगला' आणि 'गाडी' हे शब्द जोडीने येतात. पण या जोडीत एक विषमता आहे. घर जुने झाले तर त्याला 'वाडा' म्हणता येते, जुनेपणाने त्याचा मान वाढतो. गाडी जुनी असली की मात्र सांगणाऱ्याचा आवाज किंचित खाली येतो. 'सेकंड हँड' हा शब्द मराठीने जसाच्या तसा घेतला आणि त्याला थोडी नामुष्कीही चिकटवून टाकली. पेण आणि रोहा या रायगड जिल्ह्यातील दोन तालुक्यांत एखादे मध्यम स्थितीतील कुटुंब पहिल्यांदा आलिशान सेडान, म्हणजे आपल्या बोलीत मागे स्वतंत्र डिकी असलेली भारी गाडी, घेऊ पाहते, तेव्हा त्याच्यासमोर बहुधा कोणीतरी वापरलेल्या गाडीचाच पर्याय असतो. या व्यवहाराकडे केवळ हौस किंवा दिखाऊपणा म्हणून पाहण्याची सवय आपल्या सुशिक्षित वर्गाला आहे. प्रस्तुत लेखात आम्ही त्याकडे इतिहासाच्या अंगाने पाहू इच्छितो. आमचे म्हणणे थोडक्यात असे, की या देशात आलिशान मोटार दीर्घकाळ दुसऱ्या हातूनच मिळत आली आहे. तेव्हा जुनेपणाची लाज बाळगण्याचे कारण नाही. चिंता करायची ती कागदांची आणि पुढच्या खर्चाची.

स्वातंत्र्यापूर्वी मुंबई हे मोटारींचे मोठे ठाणे होते. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडी येथे सुटे भाग जोडून गाड्या बनविण्याचा कारखाना काढला होता. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी उभी राहिली आणि कुर्ल्याला तिचा कारखाना झाला. स्वातंत्र्यानंतर धोरण बदलले. गाडीचे भाग क्रमाक्रमाने येथेच बनविण्याची ज्यांची तयारी असेल त्यांनीच येथे राहावे, अशी भूमिका सरकारने जकात आयोगाच्या शिफारशीवरून १९५३ मध्ये घेतली आणि जनरल मोटर्स व फोर्ड या परदेशी कंपन्यांनी आपले काम आटोपते घेतले. हे घडले तेव्हा देशाचे अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख, म्हणजे ज्यांच्या घराण्याचे नाते रोह्याशी आहे तेच. परकीय चलन जपून वापरायचे, ते यंत्रसामग्रीवर खर्च करायचे, चैनीवर नव्हे, ही त्या काळाची दृष्टी होती. तिच्यात तथ्य नव्हते असे कोण म्हणेल? पण तिचा एक परिणाम असा झाला, की सामान्य ग्राहकापुढे अॅम्बॅसेडर, फियाट आणि स्टँडर्ड अशी मोजकीच नावे उरली.

टंचाईच्या बाजारात जुन्या-नव्याचे नाते उलटेपालटे होते, हे येथे लक्षात घ्यायला हवे. नवी गाडी नोंदवून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत. मोटारींच्या वाटपावर व विक्रीवर १९५९ च्या आदेशाने नियंत्रण आले आणि नवी गाडी हाती पडल्यावर परवानगीवाचून दोन वर्षे विकता येत नसे. का? कारण नियंत्रित दराने मिळालेली गाडी बाहेर जास्त भावाने विकली जाण्याची शक्यता होती. म्हणजे वापरलेली गाडी नव्या गाडीपेक्षा महाग, असा व्यवहार त्या काळी नवलाचा नव्हता. 'सेकंड हँड' म्हणजे हलके, हे समीकरण त्या पिढीच्या अनुभवात बसत नाही. ते नंतरचे आहे.

आलिशान गाडीच्या बाबतीत तर पर्यायच नव्हता. आयात जवळजवळ बंद असताना एखाद्याला मर्सिडीज किंवा इम्पाला हवी असेल, तर ती येणार कोठून? एक वाट संस्थानिकांच्या गाडीखान्यांतून येत होती. १९७१ मध्ये तनखे बंद झाल्यावर अनेक राजघराण्यांना खर्चाला कात्री लावावी लागली. दुसरी वाट परदेशी वकिलातींची. १९५६ मध्ये स्थापन झालेल्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत वकिलातींनी वापरून सोडलेल्या गाड्या विकल्या जात. तिसरी वाट निवासांतराच्या सवलतीची. परदेशी राहून परतणाऱ्याला आपली गाडी आणता येई, पण तीही तेथे वापरलेली असावी लागे. तिन्ही वाटा पाहिल्या तर दिसते ते एकच : त्या काळचा भारतीय श्रीमंत हा मोटारीचा दुसरा मालक होता. ज्या चकचकीत परदेशी गाड्यांकडे रस्त्यावरचे लोक माना वळवून पाहत, त्यांतील बऱ्याच आधी दुसऱ्या कोणाच्या तरी होत्या. त्यांना 'जुनी' म्हणण्याचे मात्र कोणाच्या मनात येत नसे.

ही स्थिती पालटायला पुढे बरीच वर्षे लागली. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि गाडी मध्यमवर्गाच्या आवाक्याच्या जवळ आली. १९९० मध्ये मारुती १००० ने डिकीच्या गाडीची हौस जागवली. खरे वळण १९९५ चे. त्या वर्षी पुण्यात मर्सिडीजची ई-वर्गाची गाडी तयार होऊ लागली. १९९८ मध्ये होंडा सिटी आली. पुढे औरंगाबादजवळ, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला स्कोडाच्या आणि नंतर ऑडीच्या गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. २००७ मध्ये बीएमडब्ल्यूने चेन्नईत उत्पादन सुरू केले. आलिशान गाडी आता कोरी मिळू लागली, आणि ज्या क्षणी ती कोरी मिळू लागली त्या क्षणी वापरलेली गाडी स्वस्त झाली. टंचाई संपली की जुन्या वस्तूचा भाव पडतो. मुंबई-पुण्यातील पहिला मालक काही वर्षांनी नवे मॉडेल घेतो आणि त्याची आधीची गाडी निम्म्याहूनही कमी किमतीत पनवेल ओलांडून खाली येते.

खाली म्हणजे कोठे, हेही पाहायला हवे. पेणची ओळख गणेशमूर्तींची. रोह्याची ओळख धावीर महाराजांची, धाटावच्या औद्योगिक वसाहतीची आणि कोकण रेल्वे जेथून सुरू होते त्या स्थानकाची. या पट्ट्यात पैसा आला तो नोकरीतून, व्यापारातून, आखातातून आणि जमिनीतून. यांतील जमिनीचा पैसा सर्वाधिक बोलला जातो. 'शेत विकले नि गाडी घेतली' हे वाक्य आपण निकालासारखे उच्चारतो. पण याच पेण तालुक्यात हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील बावीस गावांत २१ सप्टेंबर २००८ रोजी महामुंबई सेझसाठी जमीन द्यावी की नाही यावर शेतकऱ्यांचे मत घेण्यात आले होते, हे आपण विसरतो. जमीन हे केवळ विकायचे द्रव्य नाही, हे सांगण्यासाठी येथील शेतकऱ्यांनी दीर्घ लढा दिला. अशा समाजाला पैशाचे भान नाही असे शहरातून म्हणणे हा अन्याय आहे.

उलट आम्हाला असे वाटते, की जमिनीच्या व्यवहारात या भागाने जे शहाणपण मिळवले, तेच गाडीच्या व्यवहारात उपयोगी पडावे. जमीन घेताना कोणी नुसते हिरवे शेत पाहून इसार देत नाही. सातबारा पाहतो, बोजा आहे का विचारतो, फेरफार तपासतो. गाडीचेही तसेच आहे. नोंदणीपत्र हा तिचा सातबारा. त्यावर बँकेचे नाव असेल तर तो बोजा. तो उतरल्याची नोंद व बँकेचे पत्र हाती येईपर्यंत गाडी मोकळी झाली असे समजू नये. आणि परिवहन कार्यालयात मालकाचे नाव बदलणे हा तिचा फेरफार. रायगडच्या लोकांना हे कार्यालय परके नाही. एमएच-०६ हा क्रमांक पेणच्या कार्यालयाचा, पुढे पनवेलला एमएच-४६ हा वेगळा क्रमांक मिळाला.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत हस्तांतर कळवायचे असते. नमुना २९ आणि ३० वर सह्या झाल्या, पैसे पोचले, किल्ली हाती आली, एवढ्याने फेरफार होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच स्पष्ट केले. २००७ मध्ये विकलेली गाडी पुढे अनेक हातांतून गेली होती, २००९ मध्ये तिच्या अपघातात एक जीव गेला, आणि नोंदीत मात्र पहिल्याच मालकाचे नाव होते. न्यायालयाने भरपाईची जबाबदारी त्या नोंदलेल्या मालकावरच ठेवली. विकणाऱ्याने धडा घ्यावा तो येथे. घेणाऱ्याचा धडा वेगळा : विम्याची पॉलिसीही आपल्या नावावर करून घ्यायला हवी, नाहीतर आपल्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडतो.

कागदांनंतर गाडीचे अंग. कोकणात पहिला प्रश्न पाण्याचा. २६ जुलै २००५ चा पाऊस आणि २२ जुलै २०२१ चा महाडचा पूर ज्यांनी पाहिला, त्यांना बुडालेली गाडी म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. धुतलेली गाडी सुंदर दिसते. पण गालिच्याखालचा गाळ, सीटच्या पट्ट्यांवरचा गंज आणि बंद काचांतला कुबट वास लपत नाही. मीटरवरचा आकडा सर्व्हिसच्या नोंदींशी जुळतो का, हेही पाहावे. दुसरा प्रश्न रस्त्याचा. पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या चौपदरीकरणाचे काम २०११ मध्ये सुरू झाले आणि वर्षानुवर्षे रखडले. वडखळ-नागोठण्याच्या खड्ड्यांतून रोज जाणाऱ्याला बुटक्या पोटाच्या सेडानचा अर्थ वेगळा सांगायला नको. शिवाय अशा गाडीचे अधिकृत सेवाकेंद्र बहुधा मुंबई-पुण्याच्या बाजूला असते.

या सर्व हिशेबातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य विक्रेता उच्चारत नाही. गाडीची किंमत उतरते, तिचा खर्च उतरत नाही. पन्नास लाखांची गाडी दहा लाखांना मिळाली, तरी तिचा दिवा, तिचा गिअरबॉक्स, तिचे टायर पन्नास लाखांच्या गाडीचेच असतात. पहिल्या मालकाने गाडी सोडली ती बहुधा हा खर्च वाढू लागण्याच्या सुमारासच. म्हणून गाडीसाठी राखलेल्या रकमेतला एक वाटा दुरुस्तीसाठी बाजूला ठेवून उरलेल्यात जी बसेल तीच गाडी आपली, असे आम्हाला वाटते.

जुन्या वस्तूला दुसरे आयुष्य देण्यात कमीपणा नाही. आपण ग्रंथांच्या बाबतीत तर ते अभिमानाने करतो. रद्दीच्या दुकानातून आणलेल्या पुस्तकावर आधीच्या वाचकाचे नाव असते आणि आपण त्याखाली आपले नाव लिहितो. गाडीच्या बाबतीत मात्र ते नाव आपल्या हाताने लिहून भागत नाही. ते पेणच्या कार्यालयातल्या नोंदीत चढावे लागते. ते चढले, खर्च झेपला, मग ती गाडी कोणाची होती हे कोणी विचारले तर खुशाल सांगावे.