पोटातली चौदा इंजेक्शने

कुत्रे चावल्यावर पोटात घ्यावी लागणारी चौदा इंजेक्शने वरळीच्या बीडीडी चाळींतल्या जुन्या रहिवाशांना अजून आठवत असतील. ही लस जवळच, परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये तयार होई. कृती डेव्हिड सेम्पल यांची, १९११ सालची, कसौलीची. मेंढीच्या मेंदूत रेबीजचा विषाणू वाढवायचा, फिनॉलने मारायचा आणि तो मेंदूचा लगदाच टोचायचा.

या लसीने असंख्य जीव वाचवले. पण क्वचित एखाद्याचे पाय, रेबीज झालेला नसताना, दोनएक आठवड्यांत लुळे पडत. विषाणू पुरता मेला नसावा, अशी शंका स्वाभाविक होती. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमधल्या थॉमस रिव्हर्स यांनी मग माकडांना सशाचा निरोगी मेंदूच पुन्हा पुन्हा टोचून पाहिला. १९३५ च्या प्रयोगात आठपैकी सात माकडे आजारी पडली. वायरीवरचे रबर निघावे तसे त्यांच्या चेतातंतूंवरचे मायेलीनचे वेष्टन झडले होते. परक्या मेंदूविरुद्ध उठलेली प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मेंदूवर उलटली होती.

हल्ला कोण करते? १९६० मध्ये फिलिप पॅटरसन यांनी आजारी उंदरांच्या लसिका ग्रंथींतल्या पेशी निरोगी उंदरांना दिल्या. तेही आजारी झाले. म्हणजे हल्लेखोर पेशीच होत्या. पुढे त्यांना टी पेशी म्हणू लागले. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्येही मायेलीन असेच झडते. म्हणून त्या रुग्णांच्या रक्तात मायेलीन ओळखणाऱ्या टी पेशींचा शोध सुरू झाला. त्या सापडल्या; गंमत अशी, की निरोगी माणसांतही सापडल्या! मग त्यांना जागे कोण करते, हा प्रश्न उरला. २०२२ मध्ये अमेरिकी सैनिकांच्या साठवलेल्या रक्तनमुन्यांवरून एपस्टाइन-बार विषाणूकडे बोट गेले. पण हा विषाणू बहुतेक सर्वांच्याच शरीरात असतो, आजार मात्र थोड्यांनाच होतो.

उंदरांच्या नमुन्याने आम्हा संशोधकांना थोडे चकवलेही. टी पेशींवर नजर इतकी खिळली, की बी पेशी मागे राहिल्या. त्यांना रक्तातून काढून टाकणाऱ्या ओक्रेलिझुमॅब या औषधाला २०१७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली.

मेंढीच्या मेंदूची लस भारतात २००४ च्या अखेरीस बंद झाली. आजची लस पेशींच्या संवर्धनातून बनते, दंडात देतात, आणि तीत मेंदूचा लवलेश नसतो. चौदा इंजेक्शनांची भीती मात्र टिकून आहे. तिच्यापायी मुले चावा घरी लपवतात. वर्गात हा पाठ घेताना एवढे जरूर सांगावे: जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.