मोहरीचा दाणा आणि मोडीचे खिळे

ख्रिस्ती धर्मग्रंथात लहान गोष्टींना मोठा मान आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात स्वर्गाच्या राज्याला मोहरीच्या दाण्याची उपमा दिलेली आहे. मंदिराच्या दानपेटीत श्रीमंतांनी टाकलेल्या नाण्यांपेक्षा एका विधवेच्या दोन टोल्या येशूला अधिक मोलाच्या वाटतात. तहानेल्याला दिलेला थंड पाण्याचा एक प्यालाही फळावाचून राहत नाही, असे आश्वासन शिष्यांना मिळते. हा विचार केवळ उपदेशाचा विषय राहिला असता, तर त्याची दखल धर्मशास्त्राच्या अभ्यासकांनीच घेतली असती. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्ता आणि त्याच्या उत्तरेस हुगळीकाठी वसलेले श्रीरामपूर येथे घडलेल्या काही घटना पाहिल्या, म्हणजे या विचाराचा संबंध भारतीय भाषांच्या आणि त्यांत मराठीच्याही इतिहासाशी किती जवळचा आहे, हे ध्यानात येते.

या घटनांच्या केंद्रस्थानी असलेला विल्यम केरी हा मूळचा इंग्लंडमधील नॉर्थॅम्प्टनशायरचा एक चांभार. १७६१ मध्ये जन्मलेल्या या मनुष्याचे शालेय शिक्षण बेताचेच होते. जोडे शिवता शिवता त्याने लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू या भाषांचा अभ्यास केला आणि आपल्या कामाच्या जागी भिंतीवर स्वतः तयार केलेला जगाचा नकाशा लावून ठेवला. २ ऑक्टोबर १७९२ रोजी केटरिंग येथे एका विधवेच्या घरातील मागच्या खोलीत मूठभर बाप्टिस्ट धर्मोपदेशक जमले आणि त्यांनी परदेशी धर्मप्रसारासाठी एक संस्था स्थापन केली. त्या दिवशी कबूल झालेली वर्गणी १३ पौंड, २ शिलिंग आणि ६ पेन्स एवढीच होती. पुढे चाळीस वर्षे चाललेल्या प्रचंड उद्योगाचे हे भांडवल होते.

११ नोव्हेंबर १७९३ रोजी केरी कलकत्त्यास पोहोचला. ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलखात मिशनऱ्यांचा वावर नको होता. व्यापाराला आणि राज्याला त्यापासून धोका पोहोचेल अशी तिची समजूत होती. केरीने प्रारंभी हलाखीत दिवस काढले आणि नंतर उत्तर बंगालमध्ये मदनावती येथील निळीच्या कारखान्याची व्यवस्था पत्करली. तेथे १७९४ मध्ये त्याचा पाच वर्षांचा मुलगा पीटर आजाराने मरण पावला. पत्नी डॉरथी हिला मायदेश सोडण्याची मुळातच इच्छा नव्हती. पुत्रशोक, परका मुलूख आणि सततची अस्थिरता यांच्या भारात तिचे मानसिक संतुलन ढळले ते कायमचेच. १८०७ मध्ये तिचा अंत झाला. केरीच्या कार्याचा गौरव करताना या बाईच्या वाट्याला आलेले भोग अनेक चरित्रकारांनी दोन ओळींत उरकले. श्रद्धेची किंमत जो श्रद्धा बाळगतो तोच दर वेळी मोजतो असे नाही, हे सत्य येथे नजरेआड करता येत नाही.

१० जानेवारी १८०० रोजी केरी श्रीरामपूरला आला. हे गाव तेव्हा डेन्मार्कच्या अमलाखाली असल्याने कंपनीचा हात तेथे पोहोचत नव्हता. जोशुआ मार्शमन हा शिक्षक आणि विल्यम वॉर्ड हा मुद्रक असे दोन सहकारी त्याला मिळाले. तिघांनी एकत्र कुटुंबासारखे राहावे आणि प्रत्येकाची मिळकत सामाईक निधीत जमा व्हावी, असा नियम ठरला. असे असले तरी सात वर्षांच्या श्रमानंतर एकाही बंगाली मनुष्याने बाप्तिस्मा घेतला नव्हता.

१८०० सालच्या नोव्हेंबर महिन्यात श्रीरामपूरचा कृष्ण पाल नावाचा एक सुतार घाटावर पाय घसरून पडला आणि त्याचा खांदा निखळला. केरीचा जुना सहकारी डॉ. जॉन टॉमस याने त्याला झाडाशी बांधून त्याचा हात पूर्ववत बसविला. उपचाराचे निमित्त संपले तरी कृष्ण पालचे जाणे-येणे थांबले नाही. २२ डिसेंबर रोजी त्याने आणि त्याचा मित्र गोकुळ याने मिशनऱ्यांच्या पंक्तीस बसून अन्न घेतले. आज हे कृत्य क्षुल्लक वाटेल; परंतु त्या काळी एका घासाने माणूस जातीबाहेर, म्हणजे सोयरिकीबाहेर, व्यवसायाबाहेर आणि अंत्यविधीस येणाऱ्या चार माणसांच्याही बाहेर जात असे. ही वार्ता पसरताच संतप्त जमावाने दोघांना धरून डॅनिश न्यायाधीशापुढे उभे केले. त्याने त्यांची सुटका केली. गोकुळचा धीर त्या वेळी खचला. कृष्ण पालने मात्र २८ डिसेंबर १८०० रोजी हुगळीच्या पात्रात केरीचा मुलगा फेलिक्स याच्याबरोबर बाप्तिस्मा घेतला.

एका सुताराच्या या कृतीचे परिणाम लवकरच दिसू लागले. १८०३ मध्ये ब्राह्मण कुळातून आलेल्या एका नवख्रिस्ती तरुणाने कृष्ण पालच्या मुलीशी विवाह केला. त्याच वर्षी, मागाहून ख्रिस्ती झालेला गोकुळ वारला. तोवर युरोपीय लोक प्रेत वाहण्यास भाडोत्री माणसे लावीत. पण गोकुळची शवपेटी खांद्यावर घेतली ती मार्शमनने, फेलिक्स केरीने, जन्माने ब्राह्मण असलेल्या एका ख्रिस्ती माणसाने आणि जन्माने मुसलमान असलेल्या दुसऱ्याने. जातिसंस्थेवर लिहिलेल्या कोणत्याही निबंधापेक्षा श्रीरामपूरच्या रस्त्याने गेलेली ही अंत्ययात्रा अधिक बोलकी होती. पुढे भारतातील ख्रिस्ती समाजातही जातिभेद टिकून राहिला, हे खरे आहे. त्यामुळे या घटनेचे मोल कमी होत नाही. उलट पुढल्या पिढ्यांनी कोणता वारसा सोडून दिला, याची ती साक्ष ठरते.

कृष्ण पालच्या बाप्तिस्म्यानंतर काही महिन्यांतच, १८०१ मध्ये, केरीची कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात बंगालीचा शिक्षक म्हणून नेमणूक झाली. वेलस्लीने १८०० मध्ये कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकविण्यासाठी हे विद्यालय स्थापले होते. दरमहा ५०० रुपयांचे वेतन केरीने नियमाप्रमाणे सामाईक निधीत घातले. संस्कृत आणि मराठीचे अध्यापनही पुढे त्याच्याकडे आले, आणि येथून या कथेचा मराठीशी संबंध जडतो.

मराठीचा मुलूख कलकत्त्याहून शेकडो कोस दूर होता. केरीने महाराष्ट्रात कधी वास्तव्य केले नाही. जे मराठी तो शिकला, ते प्रामुख्याने कॉलेजातील मराठीचे मुख्य पंडित वैजनाथ शर्मा यांच्याकडून. १८०५ मध्ये केरीचे मराठी व्याकरण श्रीरामपूरच्या छापखान्यातून बाहेर पडले. त्याच वर्षी मत्तयाच्या शुभवर्तमानाचे मराठी भाषांतरही छापून झाले. मोडीचे खिळे तेव्हा उपलब्ध नसल्याने या छपाईसाठी देवनागरीचा आधार घ्यावा लागला. लेखणी न उचलता लिहिल्या जाणाऱ्या मोडीचे सुटे खिळे पाडणे हे मोठे जिकिरीचे काम होते. श्रीरामपूरच्या ओतशाळेने तेही साधले. पंचानन कर्मकार या कुशल कारागिराने तेथे अक्षरे कोरण्याची परंपरा घालून दिली होती आणि त्याच्या पश्चात त्याचा जावई मनोहर याने ती पुढे चालविली. १८१० मधील मराठी-इंग्रजी कोशात मोडी अक्षरे छापलेली दिसतात. १८१४ ते १८१६ या काळात ‘सिंहासनबत्तिशी’, ‘हितोपदेश’ आणि ‘राजा प्रतापादित्याचे चरित्र’ हे गद्यग्रंथ मोडीत प्रसिद्ध झाले. त्यांच्या सिद्धतेत वैजनाथ पंडितांचा वाटा फार मोठा होता.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. वैजनाथ शर्मा ख्रिस्ती नव्हते. परधर्माच्या ग्रंथाला आपल्या भाषेत नेमका शब्द शोधून देताना त्यांनी आपल्या विद्येशी इमान राखले. केरीच्या दृष्टीने भाषांतर ही उपासना होती. पंडितांच्या दृष्टीने तो आपल्या व्यवसायाचा धर्म होता. या दोन निष्ठा एका मेजावर एकत्र आल्या, तेव्हाच हे काम झाले. केरीने व्याकरणाच्या प्रस्तावनेत वैजनाथांचे ऋण नमूद केले. पंचानन कर्मकाराचे नावही मुद्रणाच्या इतिहासात टिकले आहे. पण खिळे जुळविणारे, कागद तयार करणारे आणि मुद्रिते तपासणारे कितीतरी हात अनामच राहिले.

११ मार्च १८१२ च्या संध्याकाळी या छापखान्याला आग लागली. केरी त्या वेळी कलकत्त्यास होता. दुसऱ्या दिवशी मार्शमनने जाऊन त्याला ही बातमी सांगितली. कागदाचे साठे, अनेक भाषांचे खिळे आणि केरीच्या बहुभाषिक कोशाचे हस्तलिखित अग्नीच्या भक्ष्यस्थानी पडले. मात्र अक्षरांचे पोलादी ठसे आणि साचे शाबूत राहिले. वितळलेला धातू राखेतून वेचून त्याचे पुन्हा खिळे ओतण्यास लगेच सुरुवात झाली. नष्ट झालेली भाषांतरे केरीने पुन्हा हाती घेतली. मराठी गद्यग्रंथांपैकी ‘सिंहासनबत्तिशी’ या आगीनंतर अवघ्या दोन वर्षांनी निघाली, ही गोष्ट वाङ्मयेतिहासात सहसा नोंदली जात नाही.

केरीचे मराठी निर्दोष नव्हते. मराठी प्रदेशाबाहेर, एका शहराच्या विद्यालयात घडलेली ती भाषा मुंबई-पुण्याकडील वाचकांना अपुरी वाटली आणि मुंबईच्या अमेरिकन मिशनऱ्यांनी नव्याने भाषांतर करून १८२६ मध्ये आपला मराठी नवा करार प्रसिद्ध केला. हे मिशनरीदेखील कलकत्त्याच्या वाटेनेच आले होते. १८१२ मध्ये तेथे उतरलेल्या गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट यांना कंपनीने देश सोडण्याचा हुकूम केला. तो चुकवून ते फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईस पोहोचले. पुढे मुंबईत त्यांच्या मिशनचा छापखाना उभा राहिला. तेथील छपाई पाहून गणपत कृष्णाजी यांनी स्वतःचा छापखाना काढला आणि १८३१ मध्ये मराठी पंचांग छापले. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ मध्ये त्यांच्याकडेच छापले गेले. हुगळीकाठच्या एका बाप्तिस्म्यापासून मुंबईच्या पंचांगापर्यंत सरळ वंशावळ लावणे धाडसाचे होईल. इतिहासाचे धागे इतके सुटसुटीत नसतात. परंतु यांतील प्रत्येक टप्पा कोणा सामान्य माणसाने फळाची शाश्वती नसताना केलेल्या एखाद्या कृतीवर उभा आहे, एवढे निश्चित म्हणता येते.

केरीच्या उत्तरायुष्यातील एक प्रसंग या दृष्टीने उल्लेखनीय आहे. डिसेंबर १८२९ मध्ये बेंटिंकने सतीबंदीचा कायदा केला आणि त्याचा बंगाली तर्जुमा करण्यासाठी तो केरीकडे पाठविला. कागद हाती पडला तो रविवारी. रविवार हा प्रभूचा दिवस म्हणून कटाक्षाने पाळणाऱ्या केरीने प्रवचनाचे काम दुसऱ्यावर सोपविले आणि पंडिताला बरोबर घेऊन संध्याकाळपर्यंत तर्जुमा पुरा केला. एका दिवसाच्या विलंबाने एखादी विधवा चितेवर जाईल, ही त्याची भीती होती. नियम मोडून त्याने नियमाचा हेतू पाळला. केटरिंगच्या वर्गणीप्रमाणेच ही कृतीही बाह्यतः लहान होती: एक दिवस, एक कागद, दोन माणसे.

९ जून १८३४ रोजी केरी श्रीरामपूरला निवर्तला. त्याला वनस्पतींचा मोठा नाद होता. इंग्लंडहून आलेल्या बियांची पिशवी रिकामी केल्यावर तळाशी राहिलेली माती त्याने एकदा आपल्या बागेत झटकली, आणि काही दिवसांनी त्या जागी त्याच्या मायदेशातील डेझीचे एक रोप उगवले. कोणी न पेरलेल्या त्या रोपाने त्याला अपार आनंद झाला. त्याने त्याचे बी धरले आणि बंगालच्या उन्हाळ्यात न टिकणारे ते फूल पुढील वर्षांतही दर हंगामी पुन्हा पेरून जतन केले.