होडी भाड्याने देणे आहे

आमच्या कंपनीत दरवर्षी 'काहीतरी हटके' करायची साथ येते. या वेळी कुणाच्या तरी डोक्यात आलं की नव्या प्रॉडक्टचं लाँच समुद्रात करू. बोट, संगीत, मावळता सूर्य वगैरे. मी भाईंदरला राहतो आणि रविवारी बाईक काढून उत्तनला जातो, हे टीममध्ये सगळ्यांना ठाऊक. त्यामुळे 'तुझ्या ओळखीचं कुणी असेल ना?' म्हणत काम माझ्या गळ्यात पडलं. (सॉफ्टवेअरवाल्याला समुद्रातलं काय कळतं हा प्रश्न मॅनेजमेंटला कधीच पडत नाही. असो.)

चौकच्या धक्क्यावर एका वयस्क तांडेलकाकांना विचारलं. मला वाटलं आता रेट सांगतील. त्यांनी उलट विचारलं, "दादा, माणसं किती? त्यातल्या पोहता किती जणांना येतं?" मी गप्प. मग म्हणाले, "आमचा परवाना मासळीचा. तुमची माणसं बसवली आणि काही झालं, तर भरायचं कुणी?" बोट काही मिळाली नाही. लाँच शेवटी एसी हॉलमध्ये झालं, तिथे बुडण्यासारखं फक्त प्रॉडक्टच होतं. :-)

पण काकांचा प्रश्न डोक्यातून जाईना. 'काही झालं तर भरायचं कुणी?' दोन-तीन वीकेंड वाचत बसलो, तेव्हा लक्षात आलं की आपल्या किनाऱ्याच्या इतिहासात हा प्रश्न पुन्हा पुन्हा आलेला आहे, आणि दर वेळी उत्तर वेगळं दिलं गेलंय.

आधी एक मूलभूत गोष्ट. कोळीवाड्यात होडीचा पारंपरिक हिशोब भाड्याचा नसतो, वाट्याचा असतो. मासळी आली की मालकाचा वाटा, होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, खलाशांचा वाटा. मासळी आलीच नाही तर सगळ्यांचाच वाटा शून्य. आता बरेच खलाशी बाहेरून पगारावर येतात, त्यामुळे चित्र बदललंय, पण तत्त्व लक्षात घ्या: वाट्यात नफ्याबरोबर जोखीमही वाटली जाते. भाड्यात तसं नाही. भाडं म्हणजे ठरलेली रक्कम. घेणारा म्हणतो, 'पैसे दिले, विषय संपला.' आणि जोखीम? ती करारात लिहिली नसेल तर गुपचूप सगळ्यात दुबळ्या माणसाकडे जाऊन बसते. आयटीत कॉन्ट्रॅक्टवर काम केलेल्या मंडळींना हे वेगळं समजवायला नको.

जगात हा विचार फार जुना आहे. वादळात जहाज वाचवायला कुणाचा तरी माल समुद्रात फेकावा लागला, तर ते नुकसान ज्यांचा माल वाचला त्या सगळ्यांनी मिळून सोसायचं, हा ऱ्होड्स बेटाचा म्हणून ओळखला जाणारा नियम रोमन कायद्यात आला आणि आजही जहाज-विम्यात वेगळ्या नावानं जिवंत आहे. म्हणजे वाटाच की!

आता आपल्याकडे येऊ. साल १६७९. मुंबई बंदराच्या तोंडाशी, थळच्या किनाऱ्यासमोर खांदेरी नावाचं छोटं बेट. शिवाजी महाराजांनी तिथे किल्ला बांधायला घेतला. काम मायनाक भंडारींकडे. मुंबईतल्या इंग्रजांच्या पोटात गोळा आला, कारण तिथून त्यांच्या बंदरात जाणारं-येणारं प्रत्येक जहाज दिसणार. बेटाची रसद तोडायची ठरली, पण कंपनीकडे लढाऊ जहाजं मोजकी. मग 'रिव्हेंज' नावाच्या फ्रिगेटच्या जोडीला शिबाडं, मचवे असं जे मिळेल ते गोळा करून त्यांवर सैनिक चढवले. शिबाड मुळात मालवाहू. पोटात भरपूर माल मावावा, वारा मिळाला की सावकाश जावं, एवढ्यासाठी बांधलेलं. तशा जहाजाला पहारेकरी बनवलं.

व्हायचं तेच झालं. मराठ्यांच्या हलक्या होड्या रात्रीच्या अंधारात वल्ही मारत, भरती-ओहोटीचा अंदाज घेत पहाऱ्यातून निसटायच्या आणि बेटावर सामान पोचवायच्या. वारा पडला की इंग्रजांची शिडाची जहाजं जागच्या जागी डुलत राहायची. ऑक्टोबरात दौलतखानाच्या आरमाराशी मोठी चकमक झाली. इंग्रजांचं 'डव्ह' नावाचं गुराब मराठ्यांच्या हाती लागलं, 'रिव्हेंज'नं मात्र मराठ्यांना मागे रेटलं. पण खरी कोंडी पैशांची होती. सुरतेचे वरिष्ठ पत्रांमागून पत्रं पाठवत होते: खर्च कमी करा. जानेवारी १६८० मध्ये इंग्रजांनी तह केला, खांदेरी मराठ्यांकडेच राहिली. एका कामासाठी बांधलेली होडी दुसऱ्या कामाला लावली, तर कामही धड होत नाही आणि मीटर मात्र चालू राहतो, याचं मला माहीत असलेलं हे आपल्याकडचं सगळ्यात चोख उदाहरण.

उत्तनचाही या गोष्टीत भाग आहे. आज आपण ज्याला उत्तन-डोंगरी-चौक म्हणतो ते जुन्या कागदांत धारावी बेट. (सायनजवळची धारावी नव्हे बरं का!) वसईच्या खाडीच्या दक्षिण तोंडावर बसलेलं हे ठिकाण ज्याच्या हातात, त्याची नजर वसईला जाणाऱ्या प्रत्येक गलबतावर. चिमाजी आप्पांच्या मोहिमेत हे ठाणं हातात येऊन गेलं आणि पुन्हा मार्च १७३९ मध्ये मराठ्यांनी घेतलं. समुद्राकडची रसद अडली आणि मे महिन्यात वसई पडली. चौकच्या टेकडीवर अजून त्या धारावी किल्ल्याचे अवशेष आहेत. तिथे उभं राहून खाली नांगरलेल्या होड्या बघितल्या की कळतं, किनाऱ्यावर राजकारण कितीही मोठं असो, ते शेवटी कुणाची होडी कुणासाठी माल वाहते यावर येऊन ठेपतं.

पुढचा टप्पा १८६७. अबिसिनियाच्या (आजचा इथिओपिया) सम्राट थिओडोरनं काही युरोपीय लोकांना डांबून ठेवलं, म्हणून ब्रिटिशांनी मुंबईहून फौज पाठवली. सेनापती रॉबर्ट नेपियर. सुमारे १३,००० सैनिक, २६,००० बाजारबुणगे, ४०,००० च्या वर जनावरं, त्यात ४४ हत्ती. हत्ती जहाजातून! एवढं न्यायला २८० च्या वर जहाजं लागली, वाफेची आणि शिडाची, बहुतेक भाड्याची. पार्लमेंटनं सुरुवातीला २० लाख पौंड मंजूर केले होते, शेवटचं बिल ८० लाखांच्या वर गेलं आणि मग चौकशी समिती बसली. (प्रोजेक्ट एस्टिमेट चारपट चुकणं ही आपली मक्तेदारी नाही, हे वाचून मला बरंच हलकं वाटलं.) इथे जोखीम कुणाची? जहाजमालकाची नव्हे. वेळेच्या भाड्यावर घेतलेलं जहाज नांगर टाकून पडलं तरी भाडं चालूच. ती भरपाई अखेर करदात्याच्या खिशातून झाली. म्हणजे करार करणारा तगडा असेल तर जोखीम वरच्या दिशेनंही जाते.

आता उडी मारून आपल्या काळात येऊ. १९७४ मध्ये 'सागर सम्राट'नं मुंबई हायला तेल शोधलं, १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. आणि होड्या भाड्यानं घेणारा एक नवा बडा गिऱ्हाईक समुद्रात आला. तेल शोधायचं तर सर्व्हेचं जहाज पाण्यात काही किलोमीटर लांबीच्या केबल ओढत फिरतं. त्या केबलच्या वाटेत कुणाचं जाळं येऊ नये म्हणून पुढे-मागे राखणीच्या होड्या लागतात, आणि त्या अनेकदा स्थानिक मच्छीमारांच्याच असतात. यातली गंमत (की शोकांतिका?) बघा. सर्व्हेला शांत समुद्र हवा, म्हणजे पावसाळ्यानंतरचे महिने. मासेमारीचा हंगामही तोच. डोळ जाळं तर समुद्राच्या तळात ठोकलेल्या खुंटांना बांधलेलं असतं, ते उचलून पलीकडे नेता येत नाही. म्हणजे एका होडीला भाडं मिळतं ते शेजारच्या होडीला तिच्या मासेमारीच्या जागेवरून बाजूला करण्याचं. नुकसानभरपाईवरून ठाणे-पालघरच्या किनाऱ्यावर मच्छीमार संघटनांनी वेळोवेळी आंदोलनं केली, त्याचं मूळ इथे आहे.

मग १९९३. रायगडच्या शेखाडी आणि दिघीला स्फोटकं उतरली आणि १२ मार्चला मुंबईत २५७ माणसं गेली. त्यानंतर 'ऑपरेशन स्वान' सुरू झालं. बाहेरच्या समुद्रात नौदल, मध्ये तटरक्षक दल, आणि किनाऱ्याजवळ? तिथे भाड्यानं घेतलेले मासेमारी ट्रॉलर. त्यावर नौदल, पोलीस आणि कस्टमची माणसं. खांदेरीचं शिबाड आठवलं ना? ट्रॉलर जाळं ओढायला बांधलेला, जोर आहे पण वेग नाही. तो स्पीडबोटीचा पाठलाग कसा करणार? वेगवान गस्ती बोटी हळूहळू आल्या त्या २००५ च्या सागरी सुरक्षा योजनेनंतर, आणि खऱ्या अर्थानं २००८ नंतर. २००८ ला काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. अतिरेकी आले ते पोरबंदरच्या 'कुबेर' या मासेमारी बोटीतून. तिच्या चार खलाशांना आणि तांडेलला त्यांनी मारलं. मासेमारी बोटीवर कुणी संशय घेत नाही, हीच तिची किंमत ठरली. त्यानंतर ओळखपत्रं आणि तपासण्या आल्या, त्या मात्र सगळ्या मच्छीमारांच्या वाट्याला.

आता आपला मूळ विषय, पाण्यावरचे इव्हेंट. २४ डिसेंबर २०१६ ला अरबी समुद्रातल्या शिवस्मारकाचं जलपूजन थाटात झालं. २४ ऑक्टोबर २०१८ ला काम सुरू करण्याच्या कार्यक्रमासाठी पाहुण्यांना आणि पत्रकारांना घेऊन बोटी निघाल्या. त्यातली एक स्पीडबोट खडकावर आदळून बुडाली. एक तरुण गेला. सोहळ्याचं पाणी आणि रोजचं पाणी वेगळं नसतं. खडक तिथेच असतात, कार्यक्रमपत्रिका बघून ते बाजूला होत नाहीत.

आणि मे २०२१. तौक्ते वादळात हीरा तेलक्षेत्राजवळ 'पी-३०५' हा राहण्याचा बार्ज बुडाला. त्यावर २६१ माणसं होती, ७० हून जास्त गेली. नौदलानं १८६ जणांना उसळत्या समुद्रातून वाचवलं. नंतर एकच प्रश्न गोल गोल फिरत राहिला: वादळाचा इशारा असताना बार्ज बंदरात का आणला नाही, आणि तो निर्णय कुणाचा? तेलक्षेत्र एकाचं, कंत्राट दुसऱ्याचं, बार्ज तिसऱ्याचा. पोलिसांनी गुन्हा नोंदवला तो बार्जच्या कप्तानावर. साखळीत जितके दुवे जास्त, तितकी 'काही झालं तर भरायचं कुणी?' या प्रश्नाची उत्तरं जास्त. आणि बुडणाऱ्याला त्यातलं एकही उपयोगी पडत नाही.

म्हणून मला काकांचे प्रश्न आता वेगळे दिसतात. ते घासाघीस करत नव्हते, तर करार पाण्यात उतरायच्या आधी करत होते. मासेमारीचा परवाना म्हणजे प्रवासी वाहतुकीचा परवाना नव्हे. प्रवासी बोटीची तपासणी, किती माणसं बसवायची तो आकडा, तेवढी लाइफ जॅकेटं, हा सगळा वेगळा कारभार आहे. बोटीच्या विम्यात 'वापर' या रकान्यात मासेमारी लिहिलेलं असेल, तर तुमच्या डीजेसाठी तो विमा पुढे येईलच असं नाही. स्वस्तात कुणी तयार झालाच, तर स्वस्ताई नेमकी कुठून आली ते ओळखा: त्यानं तुमची जोखीम स्वतःच्या डोक्यावर घेतली आहे, बहुधा न कळत.

उत्तनचा समुद्र येत्या काळात आणखी भाड्यानं मागितला जाणार आहे. उत्तन-विरार सागरी सेतूच्या हालचाली चालू आहेत, आणि इथल्या कोळी मंडळींचा विरोधही. असा पूल झाला तर मातीचे नमुने, सर्व्हे, माणसं आणि सामान नेणं, सगळ्याला होड्या लागतील. काही घरांना त्यातून रोख पैसा मिळेल, मासळी कमी होत चाललेल्या दिवसांत तो नाकारणं सोपं नाही. मी त्यांना शहाणपण शिकवणार नाही. पण भाडं दिवसाचं मिळतं आणि खांब कायमचा उभा राहतो, एवढा हिशोब इतिहास स्पष्ट दाखवतो. अशा वेळी भाड्यापेक्षा वाटा मागणं जास्त शहाणपणाचं, असं माझं मत. खर्च आणि फायदा वाटून घेणाऱ्यालाच जोखीमही वाटून घ्यावी लागते.

आणि तुमच्या-माझ्यासारख्यांनी? पुढच्या वेळी ऑफिसात कुणी बोटीवरच्या पार्टीची टूम काढली तर रेटच्या आधी तीनच गोष्टी विचारा. ही बोट कशासाठी बांधली आहे? वारा सुटला तर परत फिरायचा निर्णय कुणाचा, तांडेलाचा की बिल भरणाऱ्याचा? आणि काही झालं तर भरायचं कुणी? दुसऱ्या प्रश्नाला 'तांडेलाचा' याखेरीज कुठलंही उत्तर आलं, तर सरळ हॉल बुक करा.